शिरेतलं जेवण

गुलबर्गा,
२७ डिसेंबर २००९

चिरंजीव अनिलकुमार,

आशीर्वाद लिहिणार नव्हतो. पण जन्मभर पत्राच्या माथ्यावर तो लिहीत आलो, त्यामुळे 'चिरंजीव' हातातून निसटून गेलं. असू दे. दिलेलं परत घ्यायची आमच्या घरी रीत नाही, हे तुला कुणी सांगायला नको.

सहा वर्षांनी लिहितोय. तुझी खुशाली विचारायला लिहीत नाही. तू खुशालच असणार. इथं दवाखान्यात तुझ्या निलम्मा अव्वाच्या उशाशी लोखंडी दांडा आहे, त्याला एक पिशवी टांगलेली आहे, आणि पिशवीच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत तुझ्या कंपनीचं नाव आहे. तू मला शेवटचा भेटलास त्या दिवशी एक गुळगुळीत कार्ड दिलं होतंस. त्यावर हेच नाव होतं. मी ते कार्ड फेकलं नव्हतं, पंचांगात ठेवलं होतं. लेक अंबिकाकडून मागवून घेतलं आणि ताडून पाहिलं. तेच.

म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसात येतंय.

येळवशीला, वेळ अमावस्येला, आम्ही रानात होतो. तुला आठवत असेल तर आठवेल. तुरी भरात आलेल्या, ज्वारी कमरेच्या वर, कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव पूजेला मांडलेले, आणि निलम्मा बांधावर उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाका मारणार, "या वो, भज्जी-आंबील घेऊन जावा!" ओळखीचा असो, नसो. तुझा बाप भीमण्णा मेंढरं घेऊन तेलंगणाकडं निघाला की तुला आमच्या ओट्यावर सोडायचा, तो पहिल्यांदा अशाच येळवशीला हाक ऐकून थांबला होता. यंदा तिनं तशीच हाक मारली आणि हाक अर्धी राहिली. पोट धरून खाली बसली. बिदरात म्हणाले गुलबर्ग्याला न्या. इथं पोट उघडलं, तर आतड्याला पीळ पडून हातभर आतडं काळं पडलेलं. कापून काढलं.

आता पोट बंद आहे. पाण्याचा घोट नाही. गळ्याशी, जिथं तिची शिवदार, इष्टलिंगाची दोरी, असायची नेमकी तिथंच, शिरेत नळी घातली आहे, आणि त्या नळीतून तुमची पिशवी तिला जगवते. हे मी मान्य करतो. अगोदरच मान्य करतो, म्हणजे पुढं मी काय लिहितोय ते तू 'म्हातारा चिडलाय' म्हणून बाजूला सारणार नाहीस. पिशवीला तीन कप्पे. एकात साखरेचं पाणी, एकात प्रथिनं, एकात तेल. सिस्टर भागम्मा ती मुठीनं दाबते, मधले पडदे सुटतात आणि तिन्ही मिळून दुधासारखं पांढरं होतं. पहिल्या दिवशी मी बघतच राहिलो. वाटलं, माणसानं काय सुंदर गोष्ट केली आहे! भाकरी, डाळ, तूप एका पिशवीत घालून थेट रक्तात वाढायचं. मला कविता करावीशी वाटली, अनिल. सत्तरीत.

मग तळघरातल्या औषध-दुकानाची पावती हातात आली. एका पिशवीचे तीन हजार दोनशे. रोज एक. मला पगार होता तेव्हा शेवटच्या वर्षीही महिन्याला एवढ्या चार पिशव्या आल्या नसत्या.

मी तुझ्याकडं पैसे मागत नाही. सवलत मागत नाही. एक प्रश्न विचारतोय आणि तुझ्याकडून लेखी उत्तर हवंय: ही पिशवी अन्न आहे की औषध?

का विचारतोय ते पुढच्या पत्रात. आता डॉक्टर आलेत.

जगदेवप्पा मास्तर


गुलबर्गा,
१ जानेवारी २०१०

अनिलकुमार,

इंग्रजी नवं वर्ष लागलं. इथल्या भिंतीवर कुणी तरी कागदी झालर लावली आहे.

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं. पण माझा धीर आता टपालाच्या वेगानं चालत नाही, म्हणून मागचं पत्र पोचायच्या आत हे लिहितोय.

तुझी अव्वा चौथ्या दिवशी शुद्धीवर आली. पहिला हात गळ्याकडं गेला. ऑपरेशनच्या वेळी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून माझ्या हातात दिलं होतं. मी ते रुमालात बांधून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, ते काढून दाखवलं, तेव्हा डोळे मिटले. संध्याकाळी भागम्मा नवी पिशवी घेऊन आली.

"हे काय चढवायलीस गं?" निलम्मानं विचारलं. आवाज म्हणजे नुसता वारा.

"जेवण हाय अव्वा तुमचं."

"जेवण? मग थांब की. माझी पूजा कुठं झालीय?"

भागम्मा हसली. "अव्वा, तोंडानं थोडंच खायलाव तुम्ही?"

"तोंडानं खाऊ का शिरंनं खाऊ. लिंगाला दावल्याशिवाय अन्न घेतलेलं न्हाई मी. लग्नाच्या दिवशी सुदिक न्हाई. चार दिस झाले तुम्ही मला चोरून जेवू घालायल्यात व्हय?"

तू हसशील. तू तिच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं जेवलास, तिची पूजा होईपर्यंत पोटात कावळे घेऊन चुलीपुढं बसलास, "अव्वा, देव लवकर आवरा की" म्हणून रडलास. त्यामुळे तू हसणार नाहीस असंही वाटतं. भागम्मानं कुरकुर केली, पण पिशवी तशीच टांगून ठेवली. मी तिच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, विभूती लावली, पाण्याचे दोन थेंब सोडले. बेलाचं पान मिळालं नाही. झालं, मग म्हणाली, "आता वाढ." तेव्हापासून रोज असंच चाललं आहे. वार्डातले इतर पेशंट ती वेळ बघत असतात. पलीकडची एक बाई तर म्हणते, "अव्वाची पूजा झाली म्हंजे सात वाजले."

आता ऐक. आम्हा निवृत्त शिक्षकांच्या सहकारी संघाची आरोग्य योजना आहे. वर्षाला पैसे भरतो. ऑपरेशन, खाट, औषध यांचा खर्च योजना उचलते. आहाराचा उचलत नाही. परवा योजनेचा साहेब तपासणीला आला. तरुण पोरगा, कोट घातलेला, बोलायला गोड.

"आजी, इथं तुम्हाला काय काय दिलं?"

"समदं दिलं बाबा. पोट चिरलं, सुया दिल्या, रक्त दिलं."

"आणि ही पांढरी पिशवी?"

"ते अन्न हाय. रोज पूजा करूनच घेती मी."

साहेबानं लिहून घेतलं. आज सकाळी दवाखान्याचा मॅनेजर मृत्युंजय कागद घेऊन आला: पिशव्यांचा खर्च नामंजूर, कारण 'रुग्णाच्या स्वतःच्या सांगण्यावरून सदर वस्तू आहार आहे.' रोख भरा.

मी तळघरात गेलो. दुकानाच्या खिडकीवर पाटी आहे: औषधे परत घेतली जाणार नाहीत. पावतीवर पिशवी 'औषध' या रकान्यात. मी विचारलं, अन्न असेल तर भाकरीची किंमत लावा. तो पोरगा म्हणाला, "आजोबा, ह्ये औषध हाय. औषधाची छापील किंमत असतीय." म्हणजे वरच्या मजल्यावर अन्न आणि तळघरात औषध! दोन जिने उतरताना पदार्थ बदलतो! द्यायची वेळ आली की आहार, घ्यायची वेळ आली की औषध. चाळीस वर्षं पोरांना नाम आणि विशेषण शिकवलं, अनिल, पण एकच नाम दर मजल्यावर कपडे बदलतं हे मला इथं येऊन कळलं.

मॅनेजर चांगुलपणानं म्हणाला, "गुरुजी, साहेब पुन्हा येईल. आजींना एवढंच सांगा, औषध म्हणा म्हणावं."

मी सांगितलं. लाजत सांगितलं, पण सांगितलं. अंबिकाच्या पाटल्या मोडायची वेळ आली होती. निलम्मानं माझ्याकडं बघितलं.

"भूक लागली होती का न्हाई ते मला ठावं, का साहेबाला? ह्यानं माझी भूक भागली. भूक भागवतंय त्याला औषध कामून म्हनू?"

"पैशासाठी गं."

"औषध म्हनलं तर पूजा कशाला, कवाबी चढवा म्हनतील. मग मी काय खाल्लं म्हनायचं?"

मला तिचा भयंकर राग आला. बाहेर जाऊन बसलो. व्हरांड्याच्या टोकाला एक कडुनिंब आहे, त्याच्याखाली आपल्या शाळेचा सकाळचा परिपाठ आठवत बसलो. तू पुढं उभा असायचास, मेंढरांच्या वासाचा सदरा, आणि आवाज असा की कौलं ऐकायची. माझीच एक ओळ तू स्नेहसंमेलनात म्हटली होतीस:

शेंगेमधले दाणे चार,
एक पाहुणा, एक शेजार,
एक पाखरू, उरला एक,
त्यात जेवती आई नि लेक.

यमक बरं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण तू म्हटल्यावर बरं वाटलं होतं.

राग गेला. म्हणजे तिच्यावरचा गेला. तो आता कुठं वळला आहे, ते तुला कळलंच असेल.

लेखी उत्तर पाठव. योजनेच्या नावानं, कंपनीच्या कागदावर. अन्न, किंवा औषध. एक शब्द.

मास्तर


गुलबर्गा,
६ जानेवारी २०१०

अनिलकुमार,

तुझा फोन अंबिकाच्या मोबाईलवर आला तेव्हा ती आळंदहून डबा घेऊन पोचतच होती. "अप्पा, कोण तरी हैदराबादचा साहेब," म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला. तू "गुरुजी" म्हणालास आणि आधी अव्वाचं विचारलंस. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. फोनला पैसे पडत असणार, पण पडू दे म्हटलं, तुझेच आहेत.

तू बोललास ते मी इथं पुन्हा लिहितोय. मला विसरायला होतं आणि मला हे विसरायचं नाही. तू म्हणालास, "गुरुजी, परवाना औषधाचा आहे. पण डॉक्टरांच्या सभेत आम्ही ते अन्न म्हणूनच सांगतो. उपाशी पेशंट जगत नाही, त्याला जेवू घाला, असं."

मी विचारलं, किंमत कुणी ठरवली?

"हॉस्पिटलला आमच्याकडून अकराशे पन्नासला जाते."

"आणि वर छापलेली बत्तीसशे?"

"ती आम्हीच छापतो. हॉस्पिटलवाले मागतात तशी. ज्या कंपनीची छापील किंमत जास्त, तिची पिशवी घेतात. कमी छापली तर कोण घेत नाही, गुरुजी. धंदाच तसा आहे."

धंदाच तसा आहे. उदगीरच्या मोंढ्यात, आळंदच्या मोंढ्यात मी तूर विकली आहे. माल स्वस्त असेल तर गिऱ्हाईक येतं, हे तिथला हमालही सांगेल. तुमच्या बाजारात महाग करावं म्हणजे खपतं! कारण घेणारा एक, देणारा दुसरा, आणि ज्याच्या शिरेत जातं त्याला विचारायचंच नाही. तो झोपलेला असतो. उपाशी माणसाशी घासाघीस नसते हे तुम्ही बरोबर ओळखलंत. आमच्या निलम्मानंही ओळखलं होतं, म्हणून ती रस्त्यावरून हाका मारायची. तुम्ही त्याच ओळखीवर आकडा छापलात.

मी म्हटलं, हे लिहून दे.

तू म्हणालास, "तोंडी काय पाहिजे ते सांगतो. लेखी नको गुरुजी. दोन लेकरं शाळेत आहेत."

आणि मग म्हणालास, "मी पिशव्या पाठवतो. माझ्या नावावर नमुन्याच्या असतात."

मी नको म्हणणार होतो. खरं सांगतो, जीभ दातापर्यंत आली होती. पण खाटेकडं बघितलं आणि 'पाठव' म्हणालो.

खोकं काल बसनं आलं. सहा पिशव्या. मी बसस्टँडवरून खांद्यावर आणलं. प्रत्येक पिशवीच्या खालच्या कडेला, जिथं छापलेलं काही नाही तिथं, लाल शाईच्या पक्क्या पेनानं तुझा हजेरी क्रमांक घातला. चौदा. सवय. वही कुणाची ते कळावं म्हणून तुमच्या वह्यांवर असाच घालायचो. अव्वाला दाखवलं.

"आपल्या अनिलनं पाठवलंय."

तिनं पिशवीवरून हात फिरवला. "जेवला असंल का त्यो?" एवढंच म्हणाली.

मॅनेजर आला. "हे चालणार नाही, गुरुजी. बाहेरची पिशवी आम्ही लावत नाही. काही झालं तर जबाबदार कोण?"

"कंपनी तीच आहे. ताडून बघा, दुकानात आहे तीच पिशवी आहे."

"नियम आहे."

"मग खाटेखाली राहू दे."

"खाटेखाली पण नको. जंतू होतात. आमच्या स्टोअरमध्ये ठेवतो, जाताना घेऊन जा."

मी पावती मागितली. "दवाखान्यात येवढा पण इस्वास न्हाई व्हय?" म्हणून मॅनेजरनं वार्डबॉयला हाक मारली आणि खोकं गेलं.

कसं आहे बघ. त्या एका खोलीत दोन पिशव्या शेजारी आहेत. एक तिच्या अनिलनं पाठवलेली, ती तिला चालत नाही. दुसरी अगदी तशीच, ती बत्तीसशेला चालते. आज मी अंबिकाच्या पाटल्या मोडून आलो. सोनारानं तोंड वाकडं केलं नाही, पाणी दिलं आणि बस म्हणाला. इथं बस म्हणणारं कुणी नाही.

मास्तर


गुलबर्गा,
१२ जानेवारी २०१०

अनिल,

घाईत लिहितोय. अक्षर लागत नसेल तर पुन्हा वाच. माझ्या अक्षराला तू नेहमी दहापैकी दहा दिलेस, आज दोन दे.

काल संध्याकाळी सात वाजता पूजा झाली. अव्वा म्हणाली, "वाढ." भागम्मानं पिशवी दाबली, टांगली. मी सवयीनं वर बघितलं. किमतीचं नवं लेबल चिकटवलं होतं, जरा खाली, नेहमीपेक्षा खाली. कप्पे मिसळून पिशवी फुगली तशी लेबलाची कड सुटली, आणि त्या कडेखाली मला तांबडं काहीतरी दिसलं.

चौदा.

माझा चौदा, अनिल! चारच्या पोटाला मी गाठ देतो तशीच गाठ. मी उठून लेबल वर केलं. भागम्मा बघत राहिली. तिचा त्यात हात नव्हता, तिचा चेहराच सांगत होता. तळघरातून जे येतं ते ती लावते. पावती माझ्या खिशात होती. तीन हजार दोनशे, त्याच दिवशीची, माझ्याच पैशांची.

तू पाठवलेलं जेवण त्यांनी तिलाच विकलं.

मी तसाच मॅनेजरच्या खोलीत गेलो. मी आयुष्यात कुणावर ओरडलो नाही. वर्गात छडी ठेवली नाही, तुला माहीत आहे. काल ओरडलो. कन्नडमध्ये ओरडलो, मराठीत ओरडलो, आणि निजामाच्या काळात प्राथमिक शाळेत शिकलेली उर्दूही कुठून तरी वर आली. "शर्म करो!" म्हणालो. लोक गोळा झाले.

मृत्युंजय शांत होता. "आकडा कुणीही घालतं, गुरुजी. तुम्हीच आता घातला नसंल कशावरनं?"

"मग खोकं आणा माझं. सहा मोजून द्या."

"स्टोअर बंद झालंय. सकाळी बघू."

सकाळी खोक्यात दोन पिशव्या होत्या. "तुम्ही दोनच दिल्या होत्या," म्हणाला. पावती कुठाय? पावती नाहीच. मागच्या ज्या ज्या दिवसांचे पूर्ण पैसे भरले होते ते मी आठवून बघितले. म्हणजे चार पिशव्या तिनं पूजा करून, विभूती लावून, तुझं नाव न कळता जेवल्या, आणि मी प्रत्येकीचे पैसे भरले. लेबल कालच्या पिशवीचंच सुटलं म्हणून मला कळलं. आधीच्या तीन रिकाम्या पिशव्या कचऱ्यात गेल्या. कालची भागम्मानं संपल्यावर धुवून, घडी घालून माझ्या कापडी पिशवीत टाकली. "आजोबा, मी दिली म्हनू नगा," म्हणाली. म्हणून तिचं नाव मी फक्त तुलाच लिहितोय.

आणखी एक आहे. इथं डॉक्टर शैलश्री म्हणून एक मुलगी आहे, शिकाऊच, औरादकडची. तिनं आज दुपारी अव्वाच्या पोटावर नळी ठेवून बराच वेळ ऐकलं, मग नळी माझ्या कानाला लावली. "ऐका."

अनिल, आपल्या मागच्या ओढ्याला डोंगरातून पहिलं पाणी उतरायचं, तेव्हा दगडांखालून आधी आवाज यायचा. दिसायचं काही नाही. तसा आवाज. गुडगुड, थांबून पुन्हा गुडगुड.

"आतडं जागं झालंय," शैलश्री म्हणाली. "आता पातळ पेज पाजायला सुरू करता येईल. चमच्या-चमच्यानं. पिशवी हळूहळू बंद."

"मग करा की."

ती खाली बघू लागली. "मोठे डॉक्टर म्हणतात अजून आठ दिवस पिशवी. मी परवाच म्हणाले होते."

आठ दिवस! पोट हाका मारतंय, जेवायला तयार आहे, आणि यांना तिला शिरेतूनच जेवू घालायचं आहे, कारण पेजेवर छापील किंमत नसते! भाताच्या पेजेला कंपनी नाही, लेबल नाही, अकराशे आणि बत्तीसशे यांच्यामधली ती दरी नाही. ज्या गोष्टीनं तिचा जीव वाचवला तीच गोष्ट आता तिला अडकवून ठेवण्याच्या कामी येते आहे. हे तुझ्या सभांमध्ये सांग. पेशंट उपाशी ठेवू नका सांगतोस ना, मग हेही सांग की जेवू लागला की ताटावरून उठवू नका.

मी उद्या तिला घेऊन जातोय. आळंदच्या सरकारी दवाखान्यात अंबिकाच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, शैलश्री त्यांना चिठ्ठी देते म्हणाली. मॅनेजरनं 'आमच्या सल्ल्याविरुद्ध' असं लिहिलेल्या कागदावर सही मागितली. मी केली. चाळीस वर्षांत इतक्या आनंदानं सही केली नव्हती.

मास्तर


संतपूर,
९ फेब्रुवारी २०१०

चि. अनिल,

घरी आलो. तुरी काढल्या गेल्या, कुणी काढल्या ते आल्यावर कळलं. शेजाऱ्यांनी. रास अंगणात झाकून ठेवली होती.

आळंदला पहिल्या दिवशी दोन चमचे पेज दिली. अव्वानं लिंग हातावर घेतलं, पूजा केली, मग तोंड उघडलं. दोन चमचे गिळायला किती वेळ लागला म्हणून सांगू. अंबिका रडायली होती, मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मग अव्वा म्हणाली, "मीठ न्हाई ह्यात." तेव्हा मला कळलं, वाचली. आता आंबील घेते. परवा अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. वजन निम्मं झालंय, पण बोलणं पूर्वीएवढंच झालंय.

आता माझं काम.

मी जिल्हा ग्राहक मंचाकडं तक्रार लिहिली आहे. सोबत माझी पावती, लेबल, आणि ती रिकामी, घडी घातलेली पिशवी. वकील बिदरचा आहे, माझाच विद्यार्थी नाही, बरं झालं. तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा चौदा आकडा तुमच्यापुरता. समोरचा म्हणेल म्हाताऱ्यानं नंतर घातला. पिशवीवर कारखान्याचा घाणा क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, आहे. त्या क्रमांकाची पिशवी तुम्हाला कंपनीच्या माणसानं पाठवली, नमुना म्हणून, विकायला नाही, हे पाठवणाऱ्यानं येऊन सांगितलं तरच केस उभी राहते."

पाठवणारा तू.

मला माहीत आहे, मी काय मागतोय. तू नमुना पाठवलास हे समोर आलं की कंपनी तुला विचारणार. छापील किमतीवर बोललास की नोकरी राहील असं मला वाटत नाही. दोन लेकरं शाळेत आहेत. मी हे सगळं माहीत असून मागतोय. तू नाही म्हणालास तर मी दुसरं पत्र लिहिणार नाही. तक्रार मी तरीही देणार आहे, आकडा माझा माझ्यापुरता असला तरी.

सोबत एक पाकीट आहे. ओळखलंस? सहा वर्षांपूर्वी गाडी घेऊन आलास, अव्वाच्या हातात ते दिलंस आणि म्हणालास, "अव्वा, पाच वर्षं जेवलो, त्याचे." तेव्हा मी तुला घराबाहेर काढलं. अजूनही वाटतं, बरोबर केलं. पण ती मात्र बाहेर आली नाही, चुलीपुढं बसून राहिली, पाकीट मांडीवर. मी फाडणार होतो. तिनं ठेवून दिलं, ज्वारीच्या कणगीत, उघडलं नाही.

गुलबर्ग्यात पाटल्या मोडायच्या आदल्या दिवशी मी तिला म्हणालो, कणगीतलं पाकीट आणायला सांगू का. नळी गळ्यात, ओठ फुटलेले. म्हणाली, "त्यो पैसा कामून आणायलाव? त्यो घेतला तर मी लेकराला जेवण विकलं असं व्हतंय."

मग मी तिला विकतचं जेवण जेवू घातलं, अनिल. तिच्या तोंडून ते वाक्य ऐकल्यावर तळघरात जाऊन बत्तीसशे मोजले.

तर हे पाकीट, चिकटवलेलं होतं तसंच, परत पाठवतोय. तिनं स्वतः कणगीतून काढलं, धान्याची धूळ पुसली. मी लिहीत असताना शेजारीच बसली आहे. विचारलं, अनिलला काय लिहू? ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो:

"मास्तर काय मागायल्यात ते त्याचं त्यो बघंल. यायचं का न्हाई ते बी त्यो बघंल. मी येवढंच म्हनती, आला तर रिकाम्या हातानं ये म्हनावं. आन् पूजा व्हईपर्यंत थांबावं लागंल, सांगा. आता मला देव आवरायला वेळ लागायलाय."

तुझा,
जगदेवप्पा मास्तर